आमच्या ह्यांचा पाचवा आवाज

चि. एर्सिलियास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. गुडघा कसा आहे? पो नदीवरून धुकं चढलं की माझेही कुरकुरतात. अक्षर चुकलं तर वाचताना तूच सुधार, तू चौथीपर्यंत गेलेली.

बातमी आनंदाची आहे. आमचे हे परत आलेत. मागच्या नाताळात पुरलं तेव्हा माती टाकायला तू होतीस, म्हणून हसशील. हस, पण आलेत.

त्याचं असं झालं, देवळात गारठा म्हणून नात फियामेत्ता नि तिचे तिघे सोबती हल्ली माझ्या चुलीपाशी तालीम करतात. ते व्हियोल वाद्य तुला ठाऊकच, गुडघ्यांत धरून तारांवर गज ओढायचा, जणू शेळीची धार काढताहेत. गाणी शेकडो वर्षांपूर्वीची, पाच जणांची. ज्याच्या त्याच्या पुढ्यात फक्त आपल्या ओळीचा कागद, बाकीचे काय वाजवतात ते कानानंच धरायचं. (संसारही तसाच.) खालचा जाडा आवाज ह्यांचा. ह्यांचा मोठा व्हियोल ह्यांच्याच खुर्चीत, खोळीत. खोळ काढायला कुणाचा हात धजत नाही. मृतांच्या दिवशी देवळात वाजवायचं, तर पाचवा हवा. म्हणून मांतोव्हाचा कुणी दाढीवाला येऊन ती ओळ वाजवणार नि तो व्हियोल कायमचा नेणार, असं पोरांनी ठरवलं. मी मक्याचा पोलेंटा घोटत राहिले. म्हातारीला कोण विचारतं!

परवा दिवेलागणीला चौघांनी सुरू केलं, आणि खोळीतून पाचवा आवाज आला. घोगरा, नाकातला, सूप गार झाल्याची तक्रार करावी तसा. चौघांचे गज थांबले. तो थांबला नाही. आपली ओळ पुरी करूनच गप्प झाला. मांजर फडताळाखाली गेलं ते अजून तिथंच आहे.

फियामेत्ता पांढरीफटक. म्हणाली, "आजी, घाबरू नकोस. शेजारी सूर लागला की न छेडलेल्या तारासुद्धा थरथरतात."

"मी कुठं घाबरले? तूच माझा हात सोड."

"मरूनही उशिराच आले आजोबा!" उल्देरिको बोलून गेला. (तिघा सोबत्यांतला हाडकुळा पोरगा, जिभेला हाड नाही.) खुर्चीतून असं काही गुरगुरलं की त्यानं टोपी काढून माफी मागितली.

दाढीवाल्याला येऊ नकोस म्हणून कळवलंय! देवळात पाचव्या खुर्चीत हेच. मी नवा रुमाल घेतलाय.

तुझी नीव्हेस

ता. क. पोरीला बोलू नकोस, पण त्या व्हियोलवर तारा नव्हत्याच. जानेवारीत डुकराच्या मांसाची सलामी बांधताना सुतळी संपली. तारा मेंढीच्या आतड्याच्या, सलामीही आतड्यातच भरलेली, म्हटलं घरचंच आहे, नि त्या तारांनीच बांधल्या. देवळात खोळ निघेल आणि नुसतं लाकूड दिसलं तर पोरं पळतील, नि हे एकटे पडतील. बाकीच्या तारा सोडवून, पुसून लावल्यात. सगळ्यांत जाडी तार मी तुला दिलेल्या, तुझ्या तळघरातल्या सलामीला आहे. न कापता गाठ सोड आणि लगेच पाठव.

आणखी ता. क. परवा दिवेलागणीला तुझ्या तळघरात काही ऐकू आलं का? खरं सांग. फक्त तिथं हे वेळेवर वाजले असतील, तर मात्र मला कळवू नकोस.