तासभर थंड होऊ दे

३ मार्च
पुन्हा नाहीच! सिलिकॉनच्या थंड चकतीवर पोटॅशियम सोडलं. अणू नुसते चिकटून बसले. यंत्राच्या पडद्यावर ठिपक्यांची जुनी सातपट नक्षी तशीच, फक्त पुसट. चकती तापवली की मात्र पृष्ठभागावरचे अणू जागा सोडतात, ओळी धरतात, नक्षी तिपटीची होते. अकरा वर्षांपूर्वी सरांनी आणि मी शोधनिबंधात छापलं, की हे तापवल्याशिवायही होतं. त्यावर सरांचं नाव झालं. माझी नोकरीही त्यावरच.

५ मार्च
आमचा प्रयोग करून पाहणाऱ्या, परक्या प्रयोगशाळेतल्या मुलीचं तिसरं पत्र. "माझं काय चुकतंय?" पोरी, तुझं काहीच चुकत नाहीये.

८ मार्च
आज मुद्दाम केलं. साफ करण्यासाठी चकती लालबुंद तापवली आणि दहाच मिनिटांत पोटॅशियम सोडलं. ओळी आल्या! चकती अजून चांगलीच गरम होती.

आठवलं. आठवलं कसलं — विसरले कधी होते? अकरा वर्षांपूर्वी, ओळी पहिल्यांदा दिसल्या त्या दिवशी माझ्या बाबांचं ऑपरेशन होतं, बस गाठायची होती. सरांचा नियम एकच — साफ केलेली चकती तासभर थंड होऊ द्यायची. त्यांनी विचारलं, मी म्हणाले, "हो सर, थांबले." पुढे त्यांनी पुन्हा करायला सांगितलं. तासभर थांबून जमेना, म्हणून परत दहाच मिनिटं थांबले. पहिली घाई होती. दुसरी लबाडी.

११ मार्च
सरांकडे गेले. अंथरुणाला खिळलेत, हाताची नुसती काडी झालीय. सांगायचं ठरवूनच गेले होते. त्यांनी कामाचं विचारलं आणि माझी जीभ रेटेना. हवापाण्यावर बोलत बसले. निघताना म्हणाले, "बस गं अजून. घाई काय आहे?" बसले. तरी नाही बोलले. भित्री!

१४ मार्च
उद्या सांगणार. नक्की.

१५ मार्च
सकाळी सर गेले.

२० मार्च
सरांच्या मुलीने पाकीट दिलं. "ताई, बाबांनी तुमच्यासाठी ठेवलं होतं."

शोधनिबंध मागे घेत असल्याचं पत्र. सरांची सही, तारीख सहा वर्षांपूर्वीची. शेजारी माझ्या सहीची जागा कोरी. सोबत टाचलेली, यंत्रातल्या दाबाच्या आलेखाची जुनी पट्टी — एक उंचवटा चकती तापवल्याचा, दुसरा पोटॅशियम सोडल्याचा. मधली दहा मिनिटं लाल पेन्सिलीने मोजलेली. खाली एक ओळ — "तू सांगशील म्हणून थांबलो आहे."

सही केली. पण आता सांगू कोणाला?