भामाबाईंनी आधीच सांगितलं होतं

सांगली,
९ मार्च १९९७

प्रिय मिलिंद,

साताऱ्यात तू कारखान्यात कायम झालास, हे साळूबाईकडून कळलं. बरं वाटलं. सव्वा वर्षात तू एक ओळही लिहिली नाहीस, आणि ते योग्यच होतं. तू गेल्यापासून प्रयोगशाळेत मी एकटीच असते. दुपारचा डबा खिडकीपाशी उभ्यानेच खाते. बसून जेवायला समोर कुणीतरी लागतं.

तळी तशीच आहेत. कोळंबीला खाद्य आता साळूबाई टाकते. तुझ्या आईची, भामाबाईंची नजर तिला नाही. भामाबाई एकेक कोळंबी उजेडात धरून पाठीतली काळी रेघ बघायच्या. रेघ म्हणजे भरलेलं आतडं, जेवलेला जीव. त्या वर्षी दिवाळीनंतर रेघ दिसेनाशी झाली, तेव्हा त्या ओल्या हातांनीच माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “बाई, चार दिस झालं, ह्यांच्या पोटात कायबी न्हाई. खाद्य ताजं हाय. पाण्याला वास मारतुया, आदी पाणी बघा.”

मी पाणी बघितलं. वरच्या अंगाच्या साखर कारखान्याने मळीचं पाणी नदीत सोडलं होतं, तेच तळ्यात आलं होतं. प्राणवायू अगदी खाली गेला होता. कोळंबीची आतडी काढून काचेच्या बशीत जिवाणू वाढवले. निरोगी कोळंबीच्या पोटात नाना तऱ्हेचे जिवाणू नांदतात, अन्न पचवायला मदत करतात, रोगाला थारा देत नाहीत. ते जवळजवळ संपले होते. बशीभर एकाच जातीचे पिवळे ठिपके, रोगाचे. आठवड्यात अख्खं तळं मेलं.

तळ्याचे मालक नानासो त्या कारखान्याच्या संचालकांपैकी. त्यांनी शांतपणे सांगितलं, “अहवालात पाण्याचं नाव नको. खाद्य शिळं होतं, असं लिहा.” मला नोकरी लागून तीनच महिने झाले होते, आटपाडीला वडील अंथरुणाला खिळलेले. हे कारण म्हणून सांगत नाही. मी लिहिलं, सही केली. दुसऱ्या दिवशी भामाबाईंना सगळ्यांसमोर कामावरून काढलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. खाली काचपट्टी नव्हती, मिलिंद. तू तेव्हा एकदाच विचारलंस, पाण्यात खरंच काही नव्हतं का? मी नाही म्हणाले.

यंदा माघात रेघ पुन्हा गेली. बशीत तेच पिवळे ठिपके. साळूबाई रडवेली होऊन म्हणाली, “बाई, माजं नाव तेवडं घालू नगा.” त्या दिवशी मी दोन्ही वर्षांचे आकडे लिहून काढले, आधीचा अहवाल मीच जाणूनबुजून खोटा लिहिला हेही लिहिलं, आणि जिल्ह्याच्या कार्यालयात नेऊन दिलं. एक प्रत नानासोंच्या हातात ठेवली. काल त्यांनी खोली रिकामी करायला सांगितली. कार्यालयाकडून काही उत्तर नाही. नदीचं पाणी अजून तसंच येतंय. परवा मी आटपाडीला जाईन. वडील गेल्यापासून ते घर बंदच आहे.

पत्र तुझ्या नावाने लिहिलंय, पण ते तुझ्यासाठी नाही. भामाबाईंना वाचता येत नाही, आणि त्यांच्यासमोर उभं राहण्याचं बळ माझ्यात नाही. दोनदा साताऱ्याच्या स्टँडपर्यंत आले आणि परतीच्या गाडीत बसले. तेवढं माझं एक काम कर. त्यांना शेजारी बसव आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच. काहीही गाळू नकोस. मग त्या काय म्हणतील ते म्हणू देत. मला कळवलं नाहीस तरी चालेल.

एकेकाळी तुझीच,
प्रियदर्शनी