साच्यातला ओरखडा

तीर्थरूप बाबा, लांबूनच पाया पडतो.

मी ठीक आहे. खोकला कमी आहे, निदान आईला तसंच सांगा. तिचे गुडघे काय म्हणतात?

शर्यतीच्या शिडाच्या बोटी बनवणारा आमचा कारखाना बंद झाला. दुसरं काम मिळेल, काळजी नको.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून बोटीच्या साच्यात पटाशी पडली होती, आठवतं? काठाशी ओरखडा उठला. मग साच्यात कार्बनचं कापड आणि रेझिन थापून बोट काढली, की तिच्या अंगावर तीच रेघ यायची. तुम्ही लिहिलं होतंत, "तुझ्या हातून एक काम धड होईल तर शपथ!" आमच्या कारखान्याच्या मिस्त्रींनी मात्र ओरखडा बुजवू दिला नाही. म्हणाले, "राहू दे रे. कुठेही दिसली तरी आपली बोट ओळखू येईल." बावीस वर्षांत चाळीस बोटी ती रेघ घेऊन गेल्या. मिस्त्रीही गेले.

काल मालक म्हणाले, जागा रिकामी करायचीय, साचा कापून टाका. करवतीला कोणी हात लावेना. शेवटी मीच घेतली.

एकदम सरळ कापला, बाबा. हे एक काम माझ्या हातून धड झालं.

तुमचा,
धाकटा