सातव्या मजल्यावरची कॉफी

रविवार, २ एप्रिल २०१७

निघाली एकदाची! समोरच्या फ्लॅटमधल्या योलिमारची आई. व्हेनेझुएलातल्या त्यांच्या कराकास शहरातून बसने सीमेपर्यंत, मग पूल पायी ओलांडून कोलंबियात, आणि तिथून विमानाने इकडे सिंगापूरला. सत्तरीची बाई, त्यात ब्लडप्रेशर, आणि तिकडे गोळ्या मिळायची मारामार. पिठालासुद्धा रांगा म्हणे. सोबत मुलगा आहे, तेवढाच धीर.

योलिमारला सातवा महिना. "आजी, माझं बाळ आईच्या हातात पडू दे, मग मी देवाकडे काही मागणार नाही." माझ्या नातीचं, जाईचं ऐकून तीही मला आजीच म्हणते. मी देवापुढे सुपारी ठेवली.

मंगळवार, ४ एप्रिल

रामनवमी. सुंठवडा द्यायला गेले तर दार उघडलं तेच फोन कानाला लावून. रस्त्यात निदर्शनं चालू आहेत, बस अडकलीय. "पूल ओलांडला की भाऊ कळवेल." तिकडचा दिवस म्हणजे इकडची रात्र, त्यामुळे पोरीला झोप कुठलीच नाही. नवरा एदगार तुआसला जहाजांच्या यार्डात इंजिनीअर आहे, तोही आज लवकर घरी आलेला. दोघं टेबलावर फोन ठेवून समोरासमोर बसलेली.

शनिवारी कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये ती तिच्या देशाचा विनोदी सिनेमा दाखवणार आहे. होळीला मी सगळ्यांना पुरणपोळी खिलवली, त्याची परतफेड! म्हणते, "आई येण्याआधी तुम्हाला आमची माणसं कळू देत. नाहीतर ती दिवसभर कोणाशी भांडेल?"

बुधवार, ५ एप्रिल

फोन नाही.

गुरुवार, ६ एप्रिल

आज काहीतरी विचित्रच. सकाळी गेले तर घर लख्ख पुसलेलं, आणि फोन बंद करून फडताळावर ठेवलेला! मी चिडलेच. "अगं, आईचा फोन आला म्हणजे?" तर म्हणाली, "आजी, शनिवारी येशील ना?"

आता सिनेमाचं काय पडलंय हिला! एदगार घरीच होता, कामावर गेला नव्हता. माझ्याशी बोलायचं टाळून आत निघून गेला. भांडण झालं असावं दोघांत. विचारू कशी?

शुक्रवार, ७ एप्रिल

निमिष म्हणाला, "आई, तू तिला सांग, पुढे ढकल. अशा घालमेलीत कसला सिनेमा!" मलाही पटलं. गेले सांगायला. आणि ती उसळली की! "नाही! उद्या सगळ्यांनी यायचं. आणि हसायचं. मोठ्याने. तू पहिल्या रांगेत!" आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

घरी आले तर सूनबाई मीनल म्हणते, "आई, तुम्ही फार गुंतता हो लोकांत." आता समोरासमोर दारं, मी काय भिंतीत गुंतू?

शनिवार, ८ एप्रिल

तीसेक माणसं जमली. मी डबाभर शिरा नेला, आईंच्या प्रवासाला चांगलं म्हणून. योलिमारने लाल झगा घातलेला, ओठ रंगवलेले. दारात उभं राहून प्रत्येकाच्या हातात काळी कॉफी. हसत होती, पण माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता.

सिनेमा स्पॅनिश, खाली इंग्रजी अक्षरं येतात. मी घरी टीव्हीवर बघून बघून शिकलेय तेवढं. तरी जाईला म्हटलं, "पटकन गेलं तर वाचून दाखव." तर म्हणे, "आजी, you can one lah!" म्हणजे, तुला जमतं की!

सिनेमा असा: चौदाव्या मजल्यावर एक आजी. नातीचं लग्न आहे, पण लिफ्ट कित्येक वर्षं बंद. वर पाटी — 'उद्या सुरू होईल'. मग शेजारी तिला खुर्चीसकट उचलून जिन्याने निघतात. प्रत्येक मजल्यावर थांबायचंच! कोणी कॉफी घेतल्याशिवाय सोडत नाही, कोणी डोमिनोचा डाव मांडतो. मधेच आरोळी — खाली मक्याचं पीठ आलंय! की आजीला तिथेच जिन्यात ठेवून सगळे रांगेत पळाले. तिथे पाद्रीबाबाही उभा! परत आले ते आधी आजीकडे आशीर्वाद मागतात, मग पिठाची पाकिटं दाखवतात. त्यांच्यात भांडणातसुद्धा आधी मोठ्यांचा आशीर्वाद, मग भांडण. दिवे गेले तर आधी कोणीतरी विनोद करतो, मग मेणबत्ती शोधतात. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी.

सातव्या मजल्यावर गाउनमधली एक बाई ट्रे घेऊन बाहेर येते. "ठेवा तिला खाली, कॉफी गार होतेय. लग्न काय, थांबतं!" योलिमारने सिनेमा थांबवला. "ही माझी आई!" शूटिंग त्यांच्याच इमारतीत झालं. आईने सगळ्यांना इतकी कॉफी पाजली की शेवटी तिला एक वाक्य देऊन टाकलं!

टाळ्या पडल्या. तिने मागे नेऊन पुन्हा दाखवलं. मग पुन्हा. मग पुन्हा. आमच्या पाचव्या मजल्यावरचे पद्माकर मागून ओरडले, "अहो पुढे न्या, नवरी म्हातारी होईल!" सगळे हसले. ती तर पोट धरून वाकली. मी घाबरून धरलं तिला. म्हटलं, "तुझी आई आली की पहिली कॉफी माझ्या घरी हं! भांडायला मी आहे." तिने माझा हात घट्ट दाबला. बर्फासारखा गार हात. "हो, आजी." मग माझ्या डब्यातला शिरा चमचा चमचा खात राहिली, पडद्याकडे बघत.

रविवार, ९ एप्रिल

त्यांचं दार बंद. बेल वाजवायला बोट नेलं आणि मागे घेतलं. झोपली असेल बिचारी.

सोमवार, १० एप्रिल

खाली पोहण्याच्या तलावापाशी एदगार एकटाच बसलेला. मी विचारलं, "आई कुठवर पोचल्या?"

बुधवारीच गेल्या. बसमध्येच. पुलाच्या अलीकडे.

"आमच्याकडे माणूस गेलं की शेजारीपाजारी जमतात, कॉफी पितात, विनोद सांगतात, रात्रभर हसतात. इथे आमचं कोण आहे? सांगितलं असतं तर तुम्ही कोणी हसला नसता."

सुतकाच्या घरी मी गोड नेलं. आणि तिने खाल्लं.

वर येऊन पिठलं-भात टाकलाय. अशा घरी तो शेजारून जातो, हे तिला माहीत नसेल. तिची आसवं अजून सगळी आतच आहेत. हसायला मी पहिल्या रांगेत होते. आता रडायलाही जाऊन बसते.