दादाच्या नावचं मोकळं खातं

वहिनी,

भात झाकून ठेवलाय, म्हशीला पाणी पाजलंय. मी पोलादपूरला सायबर कॅफेत चाललेय. आयेला सांग, कॉलेजात गेली.

परवा कॅफेत गेले तेव्हा कळलं, हर्षददादाचं ईमेलचं खातं गेलं. पावसाळाभर आपण कुडपणवरून खाली उतरलो नाय, खातं उघडलं नाय, म्हणून कंपनीनं पुसलं. तुमच्या लग्नाचे फोटोपण त्यातच होते. पुसलेलं जातं कुठं गो? कॅफेवाला म्हणतो, कुठंच नाय.

पण नवल बघ, पडद्यावर आलं, हे नाव मोकळं हाय, हवं तर घ्या. मी लगेच घेतलं.

दादा वारल्याचं ज्यांना ठाऊक नाय, ते अजून त्याच पत्त्यावर लिहीत असतील. तेच बघायला जातेय. कुणाचं आलंच, तर उत्तर तू सांगशील?

अंकिता