होळीपर्यंतची गोळी

आर. के. पुरम, सेक्टर चार
२५ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय कादंबरी,

तुला आणि राजीवरावांना आशीर्वाद. इथे आम्ही सगळे बरे आहोत. हे वाक्य सवयीने लिहून झालं. खोडत नाही, खाडाखोड दिसली की तू आधीच घाबरशील.

बाबांच्या कपाळाचे टाके उद्या निघतील. जेवतात, पेपर वाचतात, चहात साखर कमी म्हणून माझ्याशी भांडतात. उठताना मात्र खुर्चीचा हात सोडत नाहीत. मी समोर उभी राहते. म्हणतात, "तू काय मला झेलणार? दोघंही पडू."

इथली हवा विचित्र आहे. सकाळी दहा अंश, दुपारी एकतीस. सकाळी कानटोपी, दुपारी पंखा. जयेश म्हणतो, "आई, दिल्ली अशीच असते." तो पंचेचाळीसचा आहे. एक्याऐंशीव्या वर्षी अंगाला ऊन आणि गारठा दोन्ही उशिरा कळतात. घाम फुटला तरी बाबा स्वेटर काढत नाहीत. तहान लागत नाही म्हणतात.

फोनवर बोलले असते, पण या क्वार्टरमध्ये कुजबुजही सगळ्यांना ऐकू जाते. म्हणून अक्षयाच्या जुन्या वहीत लिहिते आहे. ती फोटो काढून तुला पाठवेल. नातीला देवनागरी येते, आजीचं अक्षर येत नाही.

गेल्या गुरुवारचं सांगते. बाबा दुपारी अंगणात उन्हात बसले होते. मी जेवायला हाक मारली. ते उठले आणि सरळ खाली कोसळले. हाक मी मारली होती.

त्याच्या आधीचं सांगायला हवं. थंडीत प्रेशर चढतं म्हणून डिसेंबरात डॉक्टरांनी संध्याकाळची एक जादा गोळी दिली होती. तरी जानेवारीत एका सकाळी एकशे नव्वद झालं. धुक्यात गाडी मिळेना. बाबांचा हात माझ्या हातात होता, गार आणि जड. तुझा मामा असाच एका गारठ्यात एका बाजूने लुळा पडला होता. त्या सकाळपासून मला ऊन पडलं तरी खरं वाटत नाही.

या महिन्याच्या दहा तारखेला उकडायला लागलं. तुझ्या वहिनीने, सुखदाने, डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, जादा गोळी बंद. तिने ती गोळ्यांच्या डब्यातून काढली. मी म्हटलं, "अगं, होळी पेटल्याशिवाय थंडी जात नाही." ती हसली. "आई, होळीला तीन आठवडे आहेत. डॉक्टर पंचांग बघत नाहीत, प्रेशर बघतात." वाईट हेतूने बोलली नव्हती. मला टोचलं.

हॉस्पिटलात प्रेशर नव्वदच्याही खाली निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "शाम वाली गोली बंद है ना?" सुखदा म्हणाली, "जी, दस तारीख से." मग इतकं कमी कसं? जयेशने सगळ्यांसमोर तिला विचारलं, "नक्की काढलीस ना? की ऑफिसच्या कॉलवर बोलता बोलता डबा भरलास?" तू फोनवर तिला काय म्हणालीस ते लिहीत नाही. तुला आठवत असेल. घरी आल्यावर तिने डबा माझ्यासमोर ठेवला. "आता तुम्हीच भरा, आई."

आता डॉक्टरांना हृदयाचा संशय आहे. शुक्रवारी छातीला चोवीस तास मशीन लावणार. मग कदाचित पेसमेकर. काल बाबांनी विचारलं, "भानू, माझं हृदय कधी बिघडलं गं?"

मी म्हटलं, "पडून राहा."

कादंबरी, ती गोळी मी देत होते. नऊ दिवस, रोज सहाला, दुधाबरोबर. पाकीट देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं होतं. होळीपर्यंत द्यायची, असं माझ्या मनाने ठरवलं होतं. ते पडल्यापासून दिली नाही, आणि प्रेशर वर आलं. डॉक्टरांना ते कोडं वाटतं. मी तिथेच स्टुलावर बसलेली असते.

काल डबा भरायला उघडला. रिकाम्या कप्प्यात तेच पाकीट होतं. नऊ खळगे फुटलेले, बाकीचे भरलेले. मी मागे पाहिलं. सुखदा गॅसपाशी होती. म्हणाली, "आई, चहा घेणार?" जयेशलाही तिने सांगितलेलं नाही. ओरडली असती तर मी भांडले असते. मला वाटतं, शुक्रवारपर्यंत ती माझी वाट बघते आहे.

जयेश रागावेल याची भीती नाही. तूही रागाव. पण चोपन्न वर्षं हा माणूस मी दिलेलं न बघता तोंडात टाकतो. उद्यापासून तो आधी माझ्या हाताकडे बघेल. मला ते बघवणार नाही. आणि बोलले नाही, तर एका गोळीसाठी त्यांची छाती उघडतील.

म्हणून फोटो काढायला अक्षयाला सांगत नाही. सुखदा ऑफिसातून सातला येते. हे पान आधी तिच्या हातात देणार, मग बाबांसमोर बसणार, आणि शुक्रवारी डॉक्टरांना मीच सांगणार. हिंदीत कसं सांगायचं ते सकाळपासून जुळवते आहे.

फोटो तुझ्यापर्यंत आला, तर तो सुखदाने काढलेला असेल. वाचून झालं की आधी तिला फोन कर. जे बोललीस ते परत घे. माझ्याशी नंतर बोल, बोलावंसं वाटलं तर.

सहा वाजले. बाबांनी सवयीने तळहात पुढे केला आहे. तो रिकामा आहे हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

तुझी,
घाबरलेली
आई