गोधडीच्या कोपऱ्यातला घास

मंगळवार, संध्याकाळ

गच्ची उन्हानं तापू नये म्हणून तिला पांढरा रंग देणं चाललंय, म्हणून कुंड्या खाली सोप्यात आणल्यात. तिथंच लेकीच्या बाळासाठी शिवलेली गोधडी. आमच्यात गोधडीच्या शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास शिवतात, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. मी नाही घातला. मुंग्या लागतील, बाळाला चावतील.

परवा सासूबाईंनी विचारलं, "घास घातलास न्हवं?"

मी हो म्हणाले. त्यांनी तो कोपरा चाचपला.

आज कुंड्यांमागून मुंग्यांची रांग निघाली, ती थेट त्याच कोपऱ्यात. घास नाही तर मुंग्या कशाला? उलटून पाहिलं. माझे टाके बारीक असतात. तिथले मोठे, वाकडे, नीट न दिसणाऱ्या डोळ्यांनी घातलेले.

उद्या लेक गोधडी न्यायला येतेय. कात्री घेऊन बसलेय, उसवायला हात होत नाही.